जखमी सैनिक सिगार ओढताना बोलते का होतात? औषध धुरात आहे की सोबतीत?

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्या. रोजचा हिशोब लावला तर दिवसाला १७ हून जास्त. हा आकडा कुठल्या आंदोलकांचा नाही, तिथल्या सरकारच्या माजी सैनिक खात्याचाच आहे.

कोडं असं की, याच देशात माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं देशभर जाळं आहे. मानसोपचारतज्ज्ञ आहेत, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. म्हणजे मदत नाही असं नाही. गाडी अडते ती मदत मागताना. डॉक्टरांनी विचारल्यावर 'मी ठीक आहे' एवढंच बोलून उठणारा माणूस दुसऱ्या एखाद्या जखमी सैनिकाशेजारी सिगार किंवा पाइप ओढत बसला, की घरीही कधी न सांगितलेलं काहीतरी बोलून जातो. माजी सैनिकांच्या वर्तुळात हा अनुभव पुन्हा पुन्हा सांगितला जातो. तिथे सिगारच्या दुकानांत माजी सैनिकांच्या बैठका भरतात. 'सिगार्स फॉर वॉरियर्स' नावाची संस्था तर युद्धभूमीवरच्या सैनिकांना सिगार पाठवण्याचंच काम करते.

मग तंबाखू हे मनाच्या जखमेवरचं औषध आहे का? थोडक्यात उत्तर : नाही. पण त्या धुराभोवती जे घडतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण प्रश्न रोजच्या १७ जिवांचा आहे.

बोलायला अडतं कुठे?

युद्धातून परतलेल्या माणसाला तेच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात, झोप लागत नाही, दार आपटलं तरी तो दचकतो, माणसांत मिसळणं टाळतो. या आजाराला पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजेच पीटीएसडी म्हणतात. हे नाव अधिकृत वैद्यकीय यादीत आलं ते १९८० साली. त्याआधी पहिल्या महायुद्धात याच दुखण्याला 'शेल शॉक' म्हणायचे आणि अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसायचा.

नाव बदललं, पण शिक्क्याची भीती गेली नाही. इराक आणि अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकन सैनिकांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ज्यांच्यात मानसिक त्रासाची स्पष्ट लक्षणं दिसली, त्यांच्यापैकी फक्त २३ ते ४० टक्के लोकांनी मदत घेतली होती. आपण दुबळे ठरू, वरिष्ठ आपल्याशी वेगळं वागतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. आणि ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्यातच ही भीती सगळ्यात जास्त होती.

जखमी सैनिकाचं दुखणं आणखी एका थराखाली दबलेलं असतं. या दोन युद्धांत ५० हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक जखमी झाले. पाय गेला तर पाय दिसतो. भेटायला येणारा प्रत्येक जण त्या पायाची चौकशी करतो, नव्या कृत्रिम पायाचं कौतुक करतो. पण त्या स्फोटात आपला सोबती गेला आणि आपण मागे राहिलो, ही टोचणी कुणाला दिसत नाही. 'तू वाचलास, देवाची कृपा' असं म्हटलं की समोरच्याचं तोंड कायमचं बंद होतं. ज्या गोष्टीचं त्याला ओझं वाटतंय, त्याच गोष्टीबद्दल लोक त्याचं अभिनंदन करत असतात.

सैन्य आणि तंबाखू : जुनी सोयरीक

सिगार किंवा पाइपच का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासोबत जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाचे एक धर्मगुरू होते. जखमी आणि मरणाच्या दारात असलेल्या सैनिकांना धीर देताना ते 'वुडबाइन' या स्वस्त सिगारेटी वाटायचे. सैनिकांनी त्यांचं नावच 'वुडबाइन विली' पाडलं. नुसतं प्रवचन देणाऱ्यापेक्षा शेजारी बसून काडी पेटवून देणारा माणूस सैनिकांना आपला वाटला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या जेवणाच्या पाकिटातच सिगारेटी यायच्या. तयार जेवणाच्या डब्यांसोबत सिगारेट देण्याची पद्धत अमेरिकेने थांबवली ती १९७५ मध्ये. पण सवय आणि जागा दोन्ही उरल्या. अमेरिकन लष्करी तळांवर धूम्रपानासाठी ठरवून दिलेल्या कोपऱ्याला सैनिक 'स्मोक पिट' म्हणतात. तिथे हुद्द्यांची कडक रेषा थोडी सैल होते. कालच्या गस्तीत नेमकं काय चुकलं, कोणाच्या घरी काय चाललंय, कोण आतून खचलाय, हे कागदोपत्री अहवालाआधी तिथे कळतं. सैन्य सोडलेला माणूस सिगारच्या दुकानात जाऊन बसतो, तेव्हा तो हाच हरवलेला कोपरा शोधत असतो.

त्या बैठकीत नेमकं काय घडतं?

महाराष्ट्राच्या गावाकडे ज्यांचा वावर आहे, त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. पारावर एकाने तळहातावर तंबाखू काढायची, दुसऱ्याने चुन्याची डबी पुढे करायची आणि मळता मळता पाऊसपाण्यापासून सुरू झालेली गोष्ट कर्जापर्यंत आणि मोडलेल्या सोयरिकीपर्यंत पोहोचायची. 'मला तुझ्याशी बोलायचंय' असं कुणी म्हणत नाही. 'चुना आहे का?' एवढंच विचारतो. सिगारच्या बैठकीचं गणितही तेच आहे. त्याचे पाच भाग सांगता येतील.

पहिला, वेळ. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. मोठा सिगार पाऊण तास ते तासभर चालतो, कधी त्याहूनही जास्त. पाइप तर भरायचा, दाबायचा, विझला की पुन्हा पेटवायचा. म्हणजे बसलेला माणूस तासभर तरी उठत नाही. अवघड गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत ओठांवर येत नाही, ती हवामान, खेळ, गाड्या या सगळ्याला वळसा घालून येते. तेवढा वेळ इथे आपोआप मिळतो.

दुसरा, नजर. दवाखान्यात डॉक्टर समोर बसतो, डोळ्यांत बघून प्रश्न विचारतो. सैनिकाला ती चौकशी वाटते. इथे दोघंही शेजारी-शेजारी बसून रस्त्याकडे किंवा धुराकडे बघत असतात. डोळे भरून आले तरी कुणी टक लावून पाहत नाही.

तिसरा, हातांना काम आणि शांततेला निमित्त. बोलता बोलता शब्द अडला तर एक झुरका घ्यायचा, राख झाडायची. समोरच्याला वाटतं, हा सिगार ओढतोय. प्रत्यक्षात तो पुढचं वाक्य गोळा करत असतो. एरवी अवघड वाटणारी शांतता इथे साधी वाटते.

चौथा, बरोबरी. इथे एक बरा करणारा आणि एक आजारी, असं नातं नसतं. ज्याचा हात गेलाय त्याच्या सिगारचं टोक शेजारचा कापून देतो आणि त्यात कुणालाच उपकार वाटत नाहीत. तशी काडी तर सगळेच एकमेकांना पेटवून देत असतात. शिवाय ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शेजारचाही तसल्याच स्फोटातून आलेला असेल, तर अर्धी गोष्ट सांगावीच लागत नाही.

पाचवा आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाचा, नोंद नसणं. इथे बोललेलं कुठल्या फाइलमध्ये जात नाही. बढती अडणार नाही, बंदूक बाळगण्यावर प्रश्न येणार नाही, नोकरीवर गदा येणार नाही.

आता या पाचही गोष्टी पुन्हा वाचा. वेळ, नजर, हात, बरोबरी, नोंद नसणं. यातल्या एकाही गोष्टीला निकोटिन लागत नाही.

धुराशिवाय हे जमतं का?

जमतं. आणि त्याचे दाखले शंभर वर्षांपासूनचे आहेत.

१९१४ च्या नाताळात ब्रिटनची राजकन्या मेरी हिच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डबी भेट गेली. बहुतेकांच्या डबीत तंबाखू, पाइप आणि सिगारेटी होत्या. पण तेव्हा फ्रान्समध्ये हिंदुस्थानी सैन्यही लढत होतं आणि शिखांना तंबाखू निषिद्ध. त्यांच्या डबीत खडीसाखर आणि मसाल्यांची छोटी डबी घातली गेली. तंबाखू नव्हती म्हणून भेटीतला आपलेपणा कमी झाला नाही. वस्तू बदलता येते, तिच्यामागचं 'आम्हाला तुझी आठवण आहे' हे तसंच ठेवता येतं.

त्याच युद्धात एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर 'शेल शॉक' झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत. 'झालं गेलं विसरा' हा त्या काळचा सर्वसाधारण सल्ला होता. रिव्हर्स यांचं म्हणणं उलटं होतं. आठवण जबरदस्तीने दाबली की ती रात्री स्वप्नांतून वर येते, त्यामुळे तिच्याबद्दल बोलता आलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेत पुढचं पाऊल पडलं. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धाला विरोध करणारे माजी सैनिक 'रॅप ग्रुप' भरवू लागले. रॅप म्हणजे इथे गाणं नाही, मोकळ्या गप्पा. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शटन हे मानसोपचारतज्ज्ञ तिथे जायचे, पण डॉक्टर म्हणून वरच्या खुर्चीत बसायला नाही, तर गोलात बरोबरीने बसायला. यातूनच आलेल्या दबावामुळे १९७९ मध्ये अमेरिकी संसदेने 'व्हेट सेंटर' मंजूर केले. आज देशभरात अशी सुमारे ३०० केंद्रं आहेत. ती रुग्णालयाच्या आवारात नव्हे, तर वस्तीत असतात. तिथे काम करणाऱ्यांत अनेक जण स्वतः माजी सैनिक असतात. आणि तिथल्या नोंदी जिवाला धोका असल्याशिवाय परवानगीविना लष्कराला किंवा दुसऱ्या सरकारी कार्यालयाला दिल्या जात नाहीत. पाचव्या मुद्द्याची ही कायदेशीर आवृत्तीच झाली.

हातांना काम देण्याचा मार्गही सापडलाय. 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' हा उपक्रम २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी सुरू झाला. त्यात गळ टाकून मासे पकडायला आणि गळाला लावायची कृत्रिम माशी दोऱ्याने बांधायला शिकवतात. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाच्या हजारभर जागा आहेत. तिथे पुरुष सुतारकाम, दुरुस्तीची कामं करत बसतात. त्या चळवळीचं सूत्रच असं की पुरुष समोरासमोर नाही, तर खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात.

मग सिगारला हरकत काय?

हरकत आहे आणि ती मोठी आहे.

एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर आत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो. अमेरिकन यादवी युद्धातले सेनापती युलिसिस ग्रँट यांचं उदाहरण बोलकं आहे. १८६२ मध्ये त्यांनी डोनल्सन किल्ला जिंकला. ते सिगार ओढतात ही बातमी पसरली आणि लोकांनी प्रेमाने त्यांना हजारो सिगार पाठवले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८५ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले.

जखमी माणसाला तर हे दुहेरी महागात पडतं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जखम भरायला आणि मोडलेलं हाड सांधायला वेळ लागतो. इराक-अफगाणिस्तानात लष्करी तळांवर कचरा उघड्यावर जाळला जायचा. तो धूर छातीत गेलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठी अमेरिकेला २०२२ मध्ये 'पॅक्ट' हा स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा फुप्फुसांवर आणखी धुराचा भार टाकणं धोक्याचंच. त्यात पीटीएसडी असलेल्यांना तंबाखूचं व्यसन लागण्याचं आणि न सुटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. सिगारसोबत बऱ्याचदा व्हिस्कीचा पेलाही येतो, हा वेगळा धोका.

शिवाय ज्याला धूर चालत नाही, ज्याने कष्टाने सिगारेट सोडलीये, अशा सैनिकांना हा गोल बाहेरच ठेवतो. अनेक महिला सैनिकांनाही तो पुरुषांचाच अड्डा वाटू शकतो.

सरकारची कोंडी

२००९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सैन्य टप्प्याटप्प्याने तंबाखूमुक्त करण्याची शिफारस केली. पण तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स युद्धभूमीवर बंदी घालणार नाहीत, असं पेंटागॉनने लगेच स्पष्ट केलं. आधीच ताणाखाली असलेल्या सैनिकांवर आणखी ताण नको, हे कारण दिलं गेलं.

रुग्णालयांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९२ च्या एका कायद्याने माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत धूम्रपानासाठी जागा ठेवणं भाग होतं. मग १ ऑक्टोबर २०१९ पासून रुग्ण आणि भेटायला येणाऱ्यांसाठी हे सगळे परिसर धूरमुक्त झाले. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. दुसऱ्याच्या धुराचा त्रास रुग्णांनी का सोसायचा?

पण रुग्णालयामागच्या त्या शेडमध्ये फक्त धूर नव्हता. तिथे व्हीलचेअरवरचे दोन अनोळखी सैनिक 'कुठल्या तुकडीत होतास?' या प्रश्नाने ओळखीचे व्हायचे. राखेचे डबे हटवणं सोपं असतं. पण त्याच जागी दोन बाक, चहाची किटली आणि उगाच बसायची मुभा ठेवली नाही, तर धुराबरोबर गप्पाही जातात. आणि मग ज्याला बोलायची गरज आहे तो धूर चालणाऱ्या खासगी दुकानात जाऊन बसतो. म्हणजे तंबाखू तर सुटत नाहीच, उलट तो रुग्णालयापासूनही लांब जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट हवी. गप्पा म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकेतल्या २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना पीटीएसडीसाठी ठराविक मानसोपचारांना पहिली पसंती देतात. त्यात आठवणींना प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मदतीने टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं असतं. सिगारची बैठक ते काम करू शकत नाही. समजूतदार सोबती नसेल तर जुनी खपली निघून जखम तशीच उघडी राहू शकते. पण बैठक एक काम नक्की करू शकते. आयुष्यात पहिल्यांदा 'मी ठीक नाही' हे वाक्य मोठ्याने म्हणायची ती जागा ठरू शकते. तिथून दवाखान्याचं दार जवळ करायला शेजारचा सोबती उपयोगी पडतो. 'मी गेलो होतो, चल, तुलाही घेऊन जातो,' हे त्याने म्हटलं तर पटतं.

आपल्याकडे याचा संबंध काय?

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याचं नाव मोठं आहे. इथलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हातपाय गमावलेल्या जवानांना उभं करतंय. खडकीला कमरेखाली किंवा मानेखाली अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली.

मनाच्या जखमांसाठीही हालचाल झाली आहे. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. सर्वसामान्यांसाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.

पण फोन उचलायच्या आधीचं पाऊल गावातच पडावं लागतं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी सैनिक आहेत. अशा गावांत निवृत्त होऊन आलेल्या माणसाला हारतुरे मिळतात, १५ ऑगस्टला झेंडावंदनाचा मान मिळतो. त्याला 'तिकडे काय झालं होतं?' हे घाईने विचारणारेही भेटतात. त्याच्याशेजारी काहीही न विचारता तासभर बसणारे मात्र कमी असतात.

त्यासाठी सिगार लागत नाही, तंबाखूची चंचीही लागत नाही. चहा चालतो, शेंगा सोलणं चालतं, मोटरसायकल खोलून बसणं चालतं, शेतातल्या बांधावरचं काम चालतं. हातांना काम हवं, नजर समोर हवी आणि उठायची घाई नको. ओळखीत असा एखादा माजी सैनिक असेल, तर पुढच्या रविवारी त्याला प्रश्न विचारायला जाऊ नका. काहीतरी काम घेऊन जा.